पोटात पाणी, छातीत पाणी

घरातील वयस्क स्त्रीच्या पोटात गाठ आहे, पोटात पाणी झाले आहे आणि छातीतही पाणी साचले आहे, या तीन गोष्टी एकाच अहवालात आल्या की घरातले वातावरण कसे होते, हे ज्यांनी अनुभवले आहे त्यांना सांगावयास नको. मंडळी व्हरांड्यात उभी राहून हलक्या आवाजात बोलू लागतात. परगावच्या मुलींना फोन जातात. रुग्णाला मात्र कोणी काही सांगत नाही. बहुतेक वेळा ही भीती खरी ठरते, हे मी आरंभीच सांगून टाकतो. खोटा दिलासा देणे हा या सदराचा हेतू नाही. परंतु या तिन्ही गोष्टी एकत्र असूनही मूळ गाठ पूर्णपणे साधी असते, आणि ती काढून टाकताच पोटातील व छातीतील पाणी नाहीसे होते, असाही एक विकार आहे. त्याला मेग्ज सिंड्रोम असे नाव आहे. तो दुर्मीळ आहे. माझ्या जवळजवळ तीस वर्षांच्या व्यवसायात मी तो एकदाच पाहिला, आणि तोही मला वेळेवर ओळखता आला नाही.

रुग्ण एकाहत्तर वर्षांच्या होत्या. आमच्या गावालगतच्या वाडीवर त्यांचे घर. त्यांच्या नातवंडांची लसीकरणे माझ्याच दवाखान्यात झालेली. मी त्यांना मावशी म्हणतो. दम लागतो, उताणे झोपवत नाही, ही त्यांची पहिली तक्रार. छाती तपासली तर उजव्या बाजूला खाली आवाज जवळजवळ नव्हता. एक्स-रे काढला. उजवे फुफ्फुस निम्म्यापर्यंत पाण्याने झाकले गेले होते.

आपल्या भागात छातीत पाणी म्हटले की पहिला विचार क्षयाचा येतो आणि तसा तो यावाही, कारण क्षय आपल्याकडे आजही मोठ्या प्रमाणावर आहे. मी त्यांना छातीच्या तज्ज्ञांकडे पाठविले. सुईने पाणी काढून तपासले गेले. त्यात लिम्फोसाइट पेशी अधिक होत्या, कर्करोगाच्या पेशी नव्हत्या, क्षयाचा जंतू दिसला नाही, आणि एडीए ही चाचणी ना धड कमी ना धड जास्त अशी आली. शेवटी क्षयाची औषधे सुरू करून पाहण्याचे ठरले. मीही त्यास मान डोलावली.

सहा आठवडे गेले. पाणी पुन्हा भरले, पुन्हा काढले, पुन्हा भरले. मावशी खंगत चालल्या होत्या. औषधे उष्ण पडतात, भूक लागत नाही, दोन घास खाल्ले की पोट भरते, असे त्या म्हणत. मी पित्ताची गोळी वाढवून दिली.

सुनेने मात्र एक दिवस दारातच मला थांबविले. म्हणाली, “डॉक्टर, आत्यांचं लुगडं कमरंला पुरंना झालंय. आधी निऱ्या घालून उरायचं. आणि हात बघा, काटक्या झाल्यात. माणूस वाळतंय आणि पोट वाढतंय, हे क्षयात हुतं का?”

मी मावशींना तपासणीच्या टेबलावर झोपविले आणि त्यांच्या पोटावर हात ठेवला. दोन महिन्यांत पहिल्यांदा. कासोटा घट्ट, नऊवारीचे वेढे, बाई संकोची आणि मी पुरुष डॉक्टर. शिवाय तक्रार छातीची. ही सगळी कारणे मी स्वतःला नंतर सांगितली. त्यांतील एकही पुरेसे नाही. पोटात पाणी होते, आणि त्या पाण्याखाली, ओटीपोटात उजवीकडे, नारळाएवढी टणक गाठ हाताला लागत होती. ती दोन्ही बाजूंना सरकतही होती.

सोनोग्राफीत अंडाशयाच्या जागी सुमारे चौदा सेंटिमीटरची भरीव गाठ निघाली. रक्तातील सीए १२५ ही चाचणी ४८० आली. सर्वसाधारणपणे ती ३५ च्या आत असावी लागते. अहवाल घेऊन थोरला मुलगा माझ्याकडे आला तेव्हा त्याने जणू निर्णयच आणला होता. “डॉक्टर, आता या वयात चिरफाड नको. आईला एकदा पंढरपूरला नेऊन आणतो. जेवढे दिवस आहेत तेवढे सुखाने जाऊ देत.”

मुलाचे प्रेम खोटे नव्हते. अहवाल पाहून माझेही मन त्याच दिशेने चालले होते, हे मी कबूल करतो. परंतु एक प्रश्न कोणीच विचारला नव्हता: ती गाठ नेमकी कसली आहे, हे कोणी पाहिले आहे का? पाणी तपासले होते, रक्त तपासले होते, चित्रे काढली होती. गाठीचा कण मात्र अजून कोणी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला नव्हता.

येथे थोडे थांबून विकार समजून घेऊ. अंडाशयात अनेक प्रकारच्या गाठी होतात. त्यांतील फायब्रोमा ही तंतुमय ऊतीची, भरीव, पांढुरकी आणि सावकाश वाढणारी गाठ असते. ती बहुधा पाळी थांबण्याच्या सुमारास किंवा त्यानंतर आढळते आणि फार क्वचित अपवाद वगळता साधीच असते. लहान असताना ती काही त्रास देत नाही. दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत ती सापडते. गर्भाशयाच्या फायब्रॉइडशी तिची पुष्कळदा गल्लत होते, नावेही सारखी वाटतात. मात्र फायब्रॉइड पाळी थांबल्यावर सहसा आकसतो. म्हणून साठीनंतर वाढणाऱ्या गाठीला ‘जुना फायब्रॉइड असेल’ म्हणून सोडून देऊ नये. गाठ जड असून देठावर लोंबत असेल तर देठाला पीळ पडून एकाएकी असह्य वेदना होऊ शकतात. तेव्हा मात्र रात्र असो वा दिवस, रुग्णालय गाठावे.

फायब्रोमा मोठा झाला की काही स्त्रियांच्या पोटात पाणी साचू लागते, आणि त्यांतील थोड्यांच्या छातीतही. फायब्रोमा असलेल्या शंभर स्त्रियांत साधारण एखादीला असे होते. पाणी मुख्यतः गाठीच्या पृष्ठभागातून पाझरते असे मानले जाते. पोट आणि छाती यांच्यामध्ये श्वासपटलाचा पडदा आहे, परंतु त्यात रसवाहिन्यांचे सूक्ष्म मार्ग असतात. त्यांतून पोटातले पाणी वर खेचले जाते. हे मार्ग उजव्या बाजूला अधिक असल्याने पाणी बहुधा उजव्या छातीत दिसते, गाठ डावीकडची असली तरीही. म्हणजे बिघाड असतो ओटीपोटात आणि तक्रार उमटते छातीत. सुई घालून छातीतले पाणी कितीही वेळा काढले तरी ते परत भरते, कारण झरा खालीच राहिलेला असतो.

बॉस्टनचे स्त्रीरोग शल्यविशारद जो व्हिन्सेंट मेग्ज यांनी आपले सहकारी कॅस यांच्यासह १९३७ साली अशा सात स्त्रियांची हकीकत प्रसिद्ध केली. त्यांच्याही आधी, १८८७ मध्ये, फ्रान्समधील बोर्डोच्या डेमन्स यांनी गाठ काढल्यावर पाणी जाते हे नोंदविले होते. म्हणून फ्रान्समध्ये या विकाराला दोघांचेही नाव लावतात. मेग्ज यांनी पुढे व्याख्या काटेकोर केली: अंडाशयाची साधी भरीव गाठ, पोटात पाणी, छातीत पाणी, आणि गाठ काढल्यावर दोन्ही पाणी जाऊन परत न येणे. यातली शेवटची अट नीट पाहावी. शस्त्रक्रियेपूर्वी हे निदान केवळ संशय असतो. ते सिद्ध होते ते शस्त्रक्रियेनंतर.

आता सीए १२५ विषयी, कारण या एका आकड्याने घरेच्या घरे खचलेली मी पाहिली आहेत. हे द्रव्य केवळ कर्करोगाच्या पेशींतून येत नाही. पोटाच्या आणि फुफ्फुसाच्या आवरणाला कसलाही क्षोभ झाला की ते वाढते. पोटाचा क्षय, यकृताचा सिरॉसिस, हृदयाचे निकामी होणे, एंडोमेट्रिऑसिस, या सर्वांत ते वर जाते. मेग्ज सिंड्रोममध्ये तर ते कित्येक शेकड्यांपर्यंत जाऊ शकते. उलट, कर्करोगाच्या आरंभीच्या अवस्थेतील पुष्कळ स्त्रियांत ते अगदी योग्य पातळीतही असते. अलीकडे ‘महिला आरोग्य पॅकेज’मध्ये ही चाचणी सर्रास घातली जाते, ते मला मान्य नाही. ब्रिटनमध्ये दोन लाखांहून अधिक स्त्रियांवर झालेल्या मोठ्या अभ्यासाचा निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. कोणतीही तक्रार नसलेल्या स्त्रियांची अशी चाळणी करून अंडाशयाच्या कर्करोगाचे मृत्यू कमी झाले नाहीत. तक्रार असताना, गाठ दिसत असताना, या चाचणीचा उपयोग आहे. तोही निकाल म्हणून नव्हे, दिशा म्हणून.

ती दिशा ठरविण्यासाठी डॉक्टर एक साधा गुणाकार करतात. सोनोग्राफीत गाठ भरीव असणे, पोटात पाणी असणे यांसारखी दोन किंवा अधिक लक्षणे असली तर ३ गुण, पाळी थांबलेली असल्यास ३ गुण, आणि त्यांना सीए १२५ च्या आकड्याने गुणायचे. उत्तर २०० च्या वर गेले की रुग्णाला स्त्रियांच्या कर्करोग शस्त्रक्रियेत प्रशिक्षण घेतलेल्या तज्ज्ञाकडे पाठवावे, असा संकेत आहे. मावशींचे उत्तर ४३२० आले. हा आकडा गाठ कसली आहे ते सांगत नाही. शस्त्रक्रिया कोठे आणि कोणाच्या हातून व्हावी एवढेच सांगतो.

म्हणून मी मुलाला म्हणालो, “पंढरपूरला जरूर न्या, पण आधी मिरजेला चला. आणि त्याआधी आईंना विचारू.” तो म्हणाला, “आईला काय विचारायचं? ती घाबरेल.” तरी आम्ही दोघे आत गेलो. मी खुर्ची ओढून बसलो आणि सरळ सांगितले: पोटात मोठी गाठ आहे, ती कर्करोगाची असू शकेल, नसूही शकेल, काढल्याशिवाय कळणार नाही, शस्त्रक्रियेत या वयात धोका आहे पण तो सोसण्याजोगा आहे. मावशींनी ऐकून घेतले. मग म्हणाल्या, “दोन महिने सगळी माझ्याकडं बघत्यात आणि बाहेर जाऊन बोलत्यात. पोट माझं हाय न्हवं? काढून टाका ते.”

मिरजेच्या शल्यविशारद बाईंनी घाई केली नाही. सीटी स्कॅनमध्ये त्यांनी एक गोष्ट आम्हाला दाखविली. अंडाशयाचा कर्करोग पोटात पसरून पाणी होते तेव्हा आतड्यांपुढील चरबीचा पडदा, ज्याला ओमेंटम म्हणतात, बहुधा जाडसर, गाठाळ झालेला दिसतो. मावशींचा तो पडदा स्वच्छ होता. यकृतावर, आतड्यांवर कोठेही ठिपका नव्हता. एमआरआयमध्ये गाठ काळसर दिसली, तंतुमय गाठी दिसतात तशी. “साधी असण्याची शक्यता आहे, पण मी कर्करोग समजूनच तयारी करणार,” असे त्या म्हणाल्या. मला ते वाक्य फार आवडले.

गाठीत सुई घालून तुकडा घेऊन पाहावा का, असे मुलाने विचारले. वाचकांच्याही मनात हे येईल. आजार सगळ्या पोटात पसरलेला दिसत असेल तर त्या पसरलेल्या भागातून तुकडा घेतातच. परंतु गाठ अंडाशयापुरतीच दिसत असताना तिला सुई टोचणे टाळतात, कारण ती कर्करोगाची निघाली तर टोचण्याने पेशी पोटात सांडण्याचा धोका असतो. अशी गाठ न फोडता, अखंड काढावयाची असते. त्यामुळे अशा मोठ्या भरीव गाठीला दुर्बिणीच्या लहान छिद्रांपेक्षा पोटावरचा उभा छेद पुष्कळदा अधिक सुरक्षित ठरतो. ‘बिनटाक्याचे करून देतो’ या आश्वासनाला भुलू नये.

शस्त्रक्रियेआधीचे दहा दिवस मला शस्त्रक्रियेइतकेच महत्त्वाचे वाटतात. टू-डी इको करून हृदय पाहिले. भूल देण्यापूर्वी छातीतले पाणी काढून फुफ्फुस मोकळे केले. ते एका वेळी साधारण दीड लिटरपेक्षा अधिक काढत नाहीत, नाहीतर दबलेले फुफ्फुस एकदम फुलून त्रास होतो. क्षयाची औषधे तज्ज्ञांच्या सल्ल्याने थांबविली. साचणाऱ्या पाण्याबरोबर शरीरातील प्रथिनेही जातात, म्हणून सुनेने अंडी, मुगाचे घट्ट वरण, दही असे थोडे थोडे दिवसातून सहा वेळा दिले. पोट लवकर भरणाऱ्याला ताटभर वाढून उपयोग नसतो. मावशी रोज रक्त पातळ करणारी एक गोळी घेत, हे कोणाच्या लक्षातच नव्हते. औषधांची पिशवी टेबलावर ओतली तेव्हा कळले. घरातील ज्येष्ठांच्या शस्त्रक्रियेपूर्वी ही पिशवी जशीच्या तशी डॉक्टरांपुढे ओतावी, चिठ्ठीवर विसंबू नये. अशी गोळी आपल्या मनाने बंदही करू नये; कधी थांबवायची ते भूलतज्ज्ञ आणि हृदयाचे डॉक्टर ठरवितात.

शस्त्रक्रियेत पोटातून सुमारे चार लिटर पिवळसर पाणी निघाले. ते तपासणीसाठी राखून ठेवले गेले. गाठ उजव्या अंडाशयाची होती. अखंड बाहेर आली, वजन दीड किलोच्या आसपास. ती लगेच पॅथॉलॉजिस्टकडे गेली. याला फ्रोझन सेक्शन म्हणतात: रुग्ण भुलीत असतानाच गाठीचा काप गोठवून, रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात आणि साधारण अर्ध्या तासात आत निरोप देतात. त्यावर पुढची शस्त्रक्रिया किती करावयाची ते ठरते. ही सोय नसलेल्या ठिकाणी एक तर गरजेपेक्षा जास्त कापले जाते किंवा पुरेसे कापले न गेल्याने पुन्हा पोट उघडावे लागते. म्हणून रुग्णालय निवडताना खोलीला वातानुकूलन आहे का, याआधी फ्रोझन सेक्शनची सोय आहे का, हे विचारावे.

निरोप आला: फायब्रोमा, साधी गाठ. मावशींचे वय पाहून गर्भाशय आणि दुसरे अंडाशयही काढले. पाळी थांबलेल्या स्त्रीमध्ये बहुधा तसे करतात. तरुण स्त्री असती तर केवळ गाठीचे अंडाशय काढून भागले असते. फ्रोझन सेक्शनही क्वचित चुकते, त्यामुळे अंतिम अहवाल येईपर्यंत आम्ही घरी कोणाला पेढे वाटू दिले नाहीत. नवव्या दिवशी तो आला. तेच निदान. पाण्यातही कर्करोगाच्या पेशी नव्हत्या.

दुसऱ्याच दिवशी मावशींना उठवून चालविले होते. त्या रागावल्या. पण पायांच्या शिरांत रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून वृद्ध रुग्णाला लवकर चालविणे अत्यावश्यक असते. बाराव्या दिवशीचा छातीचा एक्स-रे मी स्वतः उजेडासमोर धरून पाहिला. उजवी बाजू डावीसारखीच काळी, स्वच्छ होती. छातीला पुन्हा सुई लावली नव्हती. दोन महिन्यांनी सीए १२५ योग्य पातळीत आले.

मावशींसारख्या प्रत्येकीची गाठ अशीच निघेल, असे यावरून कोणी समजू नये. या वयात भरीव गाठ, पाणी आणि वाढलेला सीए १२५ एकत्र आले की अधिक करून कर्करोगच असतो. तरीही तुकडा पाहून निदान करून घेतल्याने नुकसान होत नाही. कर्करोग निघाला तरी शस्त्रक्रिया आणि औषधे यांनी पुष्कळ स्त्रियांना चांगली वर्षे मिळतात. खर्चाचे म्हणाल तर, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत समाविष्ट रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेला असतो. रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन त्याला आधी भेटावे, रुग्णाला दाखल केल्यावर नव्हे. सत्तरी ओलांडलेल्यांसाठी आयुष्मान वय वंदना कार्डही २०२४ पासून निघते.

सांभाळ करणाऱ्यांना एक विनंती. पोट फुगणे, दोन घासांत भरणे, ओटीपोटात दुखणे, वारंवार लघवीला जावे लागणे, यांतील काही नव्याने सुरू होऊन महिन्यात बारापेक्षा अधिक दिवस होत असेल तर त्याला वय म्हणू नका, गॅस म्हणू नका. आठवड्यातून एकदा वजन करा आणि बेंबीच्या पातळीवर टेपने पोटाचा घेर मोजून लिहून ठेवा. वजन तेच राहून घेर वाढत असेल तर ते पाणी असू शकते. तराजूला मांस आणि पाणी यांतला फरक कळत नाही. आणि डॉक्टरांनी पोट तपासले नाही, तर तसे सांगा. आम्हाला राग येत नाही. आला तरी येऊ द्या.

मावशींच्या सुनेने अशी वही ठेवली होती, हे मला फार उशिरा कळले. शाळेच्या वहीची मागची पाने; तारीख, किती भाकरी खाल्ली, रात्री किती उशा लागल्या. आधी एक, मग दोन, मग तीन. ही वही तिने मला पहिल्याच महिन्यात दाखवायला आणली होती, पण दवाखान्यात गर्दी होती आणि मी म्हणालो होतो, “नंतर बघू.” आता मावशी रक्तदाबासाठी दर महिन्याला येतात. आल्या की खुर्चीवर न बसता आधी तपासणीच्या टेबलावर जाऊन आडव्या होतात आणि मी छातीला नळी लावू लागलो की म्हणतात, “आधी पोट बघा.”